नानांच्या साच्यातली रिकामी जागा

उभ्या खानदेशात रिकाम्या जागेला नानांइतका मान देणारा माणूस दुसरा सापडणार नाही. नाना म्हणजे आमच्या जळगावच्या छोट्याशा ऑफिसात सर्व्हर सांभाळणारे ज्येष्ठ सहकारी, मूळचे पिंपळनेरचे. घरच्या लग्नाची पत्रिका असो की गॅसवाल्याकडची तक्रार, नाना आधी साचा लिहीत आणि बदलणारी माहिती असेल तिथे कोरी जागा सोडत. "चहा तोच, साखर जागेप्रमाणे," असं म्हणत ते घरी बिनसाखरेचा पीत, ऑफिसात दोन चमचे घालून आणि व्याह्यांकडे समोर येईल तसा. त्यांचा शोकपत्राचा साचा मी एकदा मागून घेतला आणि नाव भरायचं विसरून तसाच साहेबांच्या घरी पाठवला. "कैलासवासी टिंबटिंब यांच्या जाण्याने" वाचून साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नाना मात्र म्हणाले, "कोरी राहिली ते बरं झालं. आधीच्या मयताचं नाव राहिलं असतं तर?"

सर्व्हरच्या बाबतीत तर त्यांचं सोवळं फारच कडक. केळी नेणारी गाडी कधी येणार, हे आम्ही शेतकऱ्यांना मोबाईलवर कळवतो. त्यासाठी दोन सर्व्हर, एक चाचणीचा आणि एक खरा. नानांनी दोघांसाठी एकच साचा लिहिला होता. दोघांत जिथे फरक, तिथे साच्यात रिकामी जागा, आणि ती भरायला प्रत्येकाची वेगळी फाईल. चाचणीच्या फाईलीत ऑफिसातल्या आम्हा चौघांचे नंबर, खऱ्या फाईलीत सावद्याकडच्या शेतकऱ्यांचे. एक जरी जागा भरायची राहिली तरी सर्व्हर सुरू होत नसे. अंदाजाने काहीतरी भरून वेळ मारून नेणं नानांना मंजूर नव्हतं, आणि माझा तर सगळा संसारच त्यावर चाललेला.

एका दुपारी नाना जेवायला गेले असताना चाचणीचा सर्व्हर अडून बसला. कुठली जागा रिकामी आहे ते शोधायचा मला कंटाळा. मी पडलो इंजिनिअर, त्यातून हुशार. खऱ्या सर्व्हरची भरलेली फाईल उचलून चाचणीवर ठेवली. सर्व्हर झटक्यात सुरू झाला. खुशीत येऊन मी चाचणीचा निरोप सोडला, "आज चार वाजता गाडी येत आहे. घड कापून ठेवा." तो सावदा परिसरातल्या यच्चयावत शेतकऱ्यांना गेला. गाडी कुठलीच येणार नव्हती, आणि कापलेला घड काही परत झाडाला लावता येत नाही.

नाना आले तसं मी त्यांना सगळं सांगून टाकलं. दुरुस्तीचा निरोप तर त्यांनी लगेच धाडला, पण हातात विळा असताना मोबाईल कोण बघतो? म्हणून ते एकेकाला फोन लावत बसले. "भाऊ, विळा खाले ठेव. गाडी येवाव नही. चूक मनी शे." मी शेजारी बसून नंबर वाचून दाखवत होतो आणि दर फोनला मान आणखी खाली घालत होतो. शेवटी न राहवून म्हणालो, "नाना, चूक माझी आहे. तुमची कशी?" त्यांनी फाईलीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'बिघाड झाल्यास जबाबदार' याच्यापुढे त्यांचं नाव होतं.

तोवर फक्त एकाच शेतकऱ्याने घड कापले होते, तेही चारच. दुसऱ्या दिवशी नाना ते एसटीने ऑफिसात घेऊन आले आणि सर्व्हरच्या कपाटामागे, उबेला टांगले. झकास पिकले. सगळ्यांत जास्त केळी मीच खाल्ली, शिक्षा म्हणून आणि आवडतात म्हणूनही.

मागच्या महिन्यात नाना निवृत्त होऊन पिंपळनेरला गेले. दुसऱ्याच सकाळी खरा सर्व्हर सुरू होईना. 'बिघाड झाल्यास जबाबदार: ही जागा रिकामी आहे.' जाताना नानांनी आपलं नाव पुसलं होतं. तिकडे गाड्यांचे निरोप अडकलेले. मी सवयीप्रमाणे त्यांनाच फोन लावला. "नाना, तूर्त तुमचंच नाव ठेवू का?"

"ठेव की," ते म्हणाले, "सुरू होईल. पण तुझ्या त्या शोकपत्राच्या वेळी मी काय म्हणालो होतो, ते आठव."

मी माझं नाव लिहिलं. साधं स्वतःचं नाव, पण दोनदा चुकलं. सर्व्हर मुकाट्याने सुरू झाला. मग दिवसभर फोन समोर ठेवून बसलो. तो एकदाच वाजला. धसकून उचलला, तर नाना.

"चालू शे का?"

"शे, नाना," मी म्हणालो, आणि मला एकदम भरून आलं.