खाली
काल सिनेमाच्या म्युझियममध्ये जुन्या प्रोजेक्टरपाशी मशीनच्या तेलाचा वास आला आणि हिंदी मुलखातल्या गोहलपुरातली ती दुपार अंगावर धावून आली. आमचे हे तिथल्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, आणि मी डबा घेऊन वर केबिनमध्ये गेले होते. ह्यांच्या हातून रिळं मागेपुढे लागली आणि नुकताच मेलेला हिरो घोड्यावरून गात आला. आधी शिट्ट्या झाल्या, मग शिव्या, मग खुर्च्या मोडायला लागल्या. हे मशीनमागे दडले, तोवर खुर्च्यांचे दांडे घेऊन माणसं जिना चढून आलीच. "ऑपरेटर कहाँ है?" भीतीने माझ्या तोंडून मराठीच निघाली, "खाली!" हे जिना उतरून गेले, असं मला सांगायचं होतं. त्यांनी हिंदीतलं खाली ऐकलं, म्हणजे रिकामी. "केबिन खाली है! आग लगा दो!" मला ढकलून एकाने रिळाला काडी लावली. धुरात खोकत हे बाहेर आले आणि पहिलाच दांडा त्यांच्या उजव्या कानावर बसला. काल म्युझियमचा जिना आला तेव्हा मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाले, "चला जी, नीचे जाऊ." आमच्या घरच्या मराठीत तेव्हापासून खाली हा शब्दच नाही.