पुण्याला सांगितलेली गोष्ट

लिहायला मी कलकत्त्यात शिकले, आणि शिकवलं ते पुण्याहून येणाऱ्या पोस्टकार्डांनी. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांची बदली झाली म्हणून आम्ही बालीगंजला एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन राहिलो. सकाळी ते ऑफिसला गेले की मला बोलायला माणूस नसे, म्हणून मी लेख लिहायला लागले. पहिल्या लेखाला मी ‘कलकत्त्याचे जनजीवन’ असलं भारदस्त नाव दिलं आणि पुण्याच्या एका मासिकाकडे पाठवला. तो साभार परत आला. सोबत संपादकांचं कार्ड होतं, ‘हा लेख घराबाहेर न पडताही लिहिता आला असता.’ मला भयंकर राग आला, कारण तो मी खरोखरच घराबाहेर न पडता लिहिला होता.

मग बाहेर पडले. एस्प्लनेडच्या फुटपाथवर फाउंटन पेनं दुरुस्त करणारा म्हातारा पाहिला. नाकाला पदर लावून मासळीबाजार पाहिला. नदीकाठच्या बजबज गावाहून येणाऱ्या गाडीतून परतणारे तागाच्या गिरणीतले कामगार पाहिले. दर लेखावर कार्ड यायचं. म्हातारा म्हणजे कसा, त्याचे हात कसे? गिरणीतून सुटलेल्या माणसाच्या अंगाला ताग चिकटलेला असतो का, पाहून कळवा. मी पुन्हा जाऊन पाहिलं. केसांत चिकटलेला असतो आणि माणूस अकाली पिकल्यासारखा दिसतो, असं लिहून पाठवलं, तेव्हा तो लेख छापला गेला. वर्ष-दीड वर्षात मला नजर आली. मासिकात माझ्या नावाखाली ‘कलकत्ता’ असं छापलेलं असायचं, ते मी उगाचच पुन्हा पुन्हा उघडून पाहायची.

एक मोठी सोय होती. कुणाबद्दलही लिहा, त्याला ते कळणार नव्हतं. पेनवाल्या म्हाताऱ्यासमोर उभी राहून मी त्याचा खोकला टिपून घेतला होता. काय लिहिता म्हणून त्यानं कौतुकानं विचारलं, तर म्हटलं, सामानाची यादी. पुण्यात राहून शेजारणीवर लेख लिहायची माझी छाती झाली नसती, दुसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली असती. इथं मराठी वाचणारी माणसं म्हणजे बदलीवर आलेली काही घरं आणि पिढ्यांपासून इथलीच झालेली काही. त्यांचा आणि माझ्या लेखातल्या माणसांचा काय संबंध, असं मी धरून चालले होते.

आमच्या खाली, तळमजल्यावरच्या एका खोलीत, फाळणीनंतर पलीकडून, पूर्व बंगालातून आलेली एक विधवा बाई राहायची. मी तिला दीदी म्हणायची, ती मला बौदी, म्हणजे वहिनी. दुकानासाठी ब्लाउज शिवून ती पोट भरायची. दुपारी काम आटोपलं की वर येऊन मला बंगाली शिकवायची, आणि माझे उच्चार ऐकून पदरात तोंड लपवून हसायची. तिच्यासोबत तिची नणंद होती, अठरा-एकोणीस वर्षांची, नाकीडोळी नीटस. हिचं लग्न करून देणं एवढं एकच काम आपल्या आयुष्यात उरलंय, असं दीदी म्हणायची. नवऱ्यानं जाताना बहिणीचा हात तिच्या हातात दिला होता.

एक दिवस ती वर आली ती आनंदातच. बजबजच्या तेलाच्या डेपोत कारकून असलेल्या मुलाचं स्थळ सांगून आलं होतं. मुलाची मामी बालीगंजलाच राहायची, ती मुलगी पाहून पसंत करून गेली होती. आनंदाच्या भरातच दीदीनं मग मला सगळं सांगितलं. पलीकडून येताना स्टीमरच्या घाटावर गर्दीत तिच्या हातातून नणंदेचा हात सुटला. स्टीमर निघाली, पोरगी मागं राहिली. एका मुसलमान नावाड्यानं तिला घरी नेलं. त्याच्या म्हाताऱ्या आईनं तिला अकरा दिवस आपल्या कुशीत झोपवलं, आणि वाट मोकळी झाल्यावर मायलेकांनी स्वतः येऊन तिला पुढच्या घाटावर वाट पाहत थांबलेल्या दीदीच्या हवाली केलं. जाताना म्हातारीनं आपली शाल तिच्या अंगावर घातली. नणंदेच्या डाव्या भुवईतले चार-पाच केस पांढरे होते. ते त्या अकरा दिवसांतच पांढरे झाले, असं दीदी म्हणाली. खरंखोटं देव जाणे.

“अकरा दिवस पोरगी परक्या घरी होती हे कळलं, तर कोण करून घेईल तिला?” दीदी म्हणाली. “इथं कुणाला माहीत नाही, बौदी.”

माझ्या पोटात राहील, असं मी म्हटलं. आणि मी शब्द पाळला, निदान मला तसं वाटत होतं. कलकत्त्यात मी कुणाला अक्षर सांगितलं नाही. पुण्याला सांगितलं.

मनाची समजूत घालायला कारणं भरपूर होती. माणसं माणसांचे गळे कापत असताना एका म्हातारीनं परक्या पोरीला सांभाळलं, हे लोकांना कळायला नको का? नावं मी घातली नाहीतच. पांढऱ्या केसांचं वाक्य मात्र एकदा खोडलं. खोडल्यावर ती मुलगी कुठलीही मुलगी झाली, म्हणून पुन्हा लिहिलं. कार्ड आलं ते नुसतं कौतुकानं भरलेलं होतं. भुवईची ओळ काय, शेवटची ओळ काय, तुम्हाला आता शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही, असं संपादकांनी लिहिलं होतं. मी ते कार्ड देवघरात ठेवलं.

तो अंक आला चैत्रात. आमच्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ आणि पन्हं घेता घेता मी तो अंक स्वतःच्या हातानं फिरवला. माझं नाव कुणी वाचायचं राहू नये म्हणून पान दुमडून ठेवलं होतं. बँकेतल्या एका अधिकाऱ्याची बायको तो घरी घेऊन गेली. बाई मनानं चांगली होती, वाचून तिला रडू आलं. आमच्यातली एक बाई तुमच्या लोकांवर किती सुंदर लिहिते, हे तिनं कौतुकानं आपल्या बंगाली घरमालकिणीला बसवून सांगितलं. भुवईसुद्धा सांगितली, लेखिका कुठल्या घरात राहते तेही सांगितलं. ती घरमालकीण म्हणजेच मुलाची मामी होती.

आठ दिवसांत नकार आला. वर निरोपही होता, तुमच्याच वरच्या बाईंनी सगळं छापून आणलंय, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही.

दीदी भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती आली नाही. जिन्यात ती मुलगी दिसली, तर तिनं भुवईला काजळ लावलं होतं. काजळ जरा पसरलं होतं. माझ्याकडे पाहून तिनं सवयीनं हसल्यासारखं केलं आणि भिंतीकडे सरून मला वाट दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिन्याभरात त्यांनी खोली सोडली, आणि पुढं त्या मुलीचं काय झालं ते मला कळलं नाही. जाणून घ्यायला मी फारशी धडपडही केली नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्या लेखानं माझं नाव झालं. इतर मासिकांची बोलावणी आली, आणि मी लिहीत राहिले.

खोली सोडण्याआधी मात्र दीदी एकदा वर आली. नेहमीच्या वेळेला, दुपारी. जमिनीवर बसली आणि म्हणाली, “बौदी, तुम्ही आमच्यावर जे लिहिलंय ते मला वाचून दाखवा. मला तुमची भाषा येत नाही.”

मी अंक आणला. एकेक वाक्य वाचायची आणि तिनंच शिकवलेल्या बंगालीत सांगायची. अकरा दिवसांचा मजकूर मी सफाईनं टाळून पुढं गेले. ती म्हणाली, “अकरा दिवसांचं राहिलं.” मग तेही वाचलं. म्हातारीची शाल वाचली, भुवई वाचली. खाली नणंद शिलाईचं यंत्र चालवत होती. मी थांबले की ती मान हलवून पुढं वाचा म्हणायची.

शेवटच्या ओळीशी आले. ‘हे सगळं सांगताना त्या बाईच्या डोळ्यांतून पाण्याचा एक थेंब आला नाही, तिचे अश्रू त्या नदीच्या पलीकडेच राहिले होते.’ बंगालीत सांगताना ती ओळ मला एकदम खोटी वाटली, तरी सांगितली.

दीदीनं थोडा विचार केला. तिच्या आवाजात राग नव्हता. माझा चुकलेला उच्चार दुरुस्त करावा तसं ती म्हणाली, “हे असं नाही झालं. मी रडले होते. तुम्ही चहा ठेवायला आत गेला होतात ना, तेव्हा.”

मी चहा ठेवायला गेले नव्हते. विसरायच्या आत भुवई, शाल आणि अकरा दिवस कॅलेंडरच्या पानामागं लिहून घेत होते. लिहून झाल्यावर बाहेर आले आणि तिला सांगितलं, दूध नासलंय.