वहिनीने नानांना सांगितलेली जपानची गोष्ट

माझा भाऊ गेला तेव्हा माझी वहिनी रडली नाही.

आज पहाटे वहिनीही गेली. झोपेतच.

विमलवहिनी धुळ्याची. इंग्लिशमध्ये एम.ए. करून जळगावात लेक्चरर झाली आणि आमच्या पिंप्राळ्याच्या घरात सून म्हणून आली, तेव्हा मी बारावीत होते. आई नव्हती. घरात नाना म्हणजे माझे वडील, दादा आणि मी.

नाना जन्मभर कापसाच्या जिनिंग प्रेसमध्ये राबलेले. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. बोलणं पक्कं अहिराणी.

वहिनीचा जीव मध्ययुगातल्या पुस्तकांत. इटली, इराण, आइसलँड, जपान... सगळी जाडजूड इंग्लिश ट्रान्सलेशनं. कॉलेजातून आली की ओट्यावर वाचत बसायची. पानं उलटल्याचा आवाज ऐकून एकदा नाना म्हणाले,

"काय वाचस बेटा? आमलेबी सांग ना."

मग ते रोजचंच झालं.

इटलीची गोष्ट होती. एक कवी जिवंतपणी नरक फिरून येतो आणि तिथं त्याला ओळखीपाळखीचे लोक भेटतात.

"त्याना गावना पाटील शे का तठे?" नानांचा पहिला प्रश्न.

"पुढारी आहेत, सावकार आहेत. धर्मगुरूसुद्धा आहेत, नाना."

नाना जाम खूश. "मंग लिखणारा खरा माणूस शे."

दादा भुसावळला रेल्वेत होता. ड्यूटीवरून आला की स्कूटर लावता लावता ओरडायचा, "आज कुठला देश?"

जपानची गोष्ट मात्र महिनोन् महिने चालली. राजवाड्यात राहणाऱ्या एका बाईने हजार वर्षांपूर्वी लिहिलेली. देखणा राजपुत्र आणि त्याची प्रेमं.

नानांना तो अजिबात आवडायचा नाही. "बठ्ठ्या बाया यालेच कशा भुलतस?"

पण त्याची सगळ्यात लाडकी बायको वारली त्या संध्याकाळी नाना नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारच्याची चौकशी करावी तसं विचारलं, "कसा शे तो आते?"

वहिनी हसून म्हणाली, "रविवारी सांगते नाना, आता पेपर तपासायचेत."

तो रविवार आलाच नाही.

दादा भुसावळहून येत होता. हायवेवर मागून ट्रक आला.

वहिनी रडली नाही. बाया म्हणाल्या, हिला रडवा, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल. कुणीतरी दादाचा शर्ट आणून तिच्या मांडीवर ठेवला.

तिने त्याची घडी केली आणि कपाटात ठेवून आली.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला. पाहुणे पांगले. गावचे काका तेवढे मागे राहिले. वहिनी समोर असतानाच ते नानांना म्हणाले, "पोरबाळ नही. तरणीताठी शे. धुयाले तिना बापकडे धाडी दे."



त्या संध्याकाळी नाना भिंत चाचपत स्वयंपाकघराच्या दारात आले आणि खाली बसले. वहिनी मेथी निवडत होती. मी कणीक मळत होते.

"बेटा, ती जपाननी गोष्ट अर्धी ऱ्हायनी."

वहिनीने मान वर केली नाही.

"ती बाई मरी गयी, तठलगून सांगं व्हतं तू. फुडे त्यानं काय व्हयनं?"

माझे हात परातीत थांबले. हे काय विचारणं झालं? आणि आत्ता?

वहिनी बोलली. इतक्या दिवसांत हो-नाहीच्या पलीकडचं पहिलंच.

"वर्षभर तो झुरतो, नाना. तिची जपून ठेवलेली पत्रं जाळून टाकतो. मग मरतो."

"कसा मरस?"

"ते लिहिलेलं नाही. त्या जागी फक्त प्रकरणाचं नाव आहे. खाली एक शब्द नाही. पुढच्या प्रकरणात तो गेलेला असतो आणि लोक आपापल्या कामाला लागलेले असतात."



"इतली मोठी पोथी लिखी त्या लिखणारीनी. आन आठे तिना हात चालना नही."

"नाही चालला."

"मंग आपले कसं जमी, बेटा?"

वहिनीच्या हातातली जुडी तशीच राहिली. मग ती रडायला लागली. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

नानाही रडत होते. तेही तोवर रडले नव्हते. त्यांचा एकुलता एक मुलगा गेला होता.

त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही.

सकाळी काकांनी पुन्हा विषय काढला. नाना म्हणाले, "ती कोठेच जात नही. मनी आंडेर शे ती. लेकले कोणी घरमाईन काढस का?"

काका दुपारच्या एस.टी.ने गेले. वर्षभर बोलले नाहीत.

वहिनी कॉलेजात रुजू झाली. माझं शिक्षण तिने केलं, लग्नही तिनेच लावून दिलं. नानांनी दोनदा तिच्यासाठी स्थळ आणलं.

"नाना, कंटाळा आला का माझा?"

पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा नाना गेले. शेवटच्या आजारपणातही ती त्यांना वाचून दाखवायची. नाना मध्येच हुंकार द्यायचे. तो थांबला की पुस्तक मिटायची.

मग ती एकटी राहिली. मी किती वेळा म्हटलं, आता आमच्याकडे नाशिकला ये. यायची, चार दिवस राहायची आणि बॅग भरायची. "कोणी तरी येतं गं भेटायला. घर बंद दिसलं तर परत जातील."

खरंच यायचे. आजही सकाळपासून येतायत. तिच्याकडे शिकलेल्या, आता स्वतः आज्या झालेल्या बायका दारात उभ्या राहून रडतायत.

नातेवाईक विचारतायत, अग्नी कोण देणार? गावाहून कुणा पुतण्याला बोलवायचं का?

नको.

मी देणार आहे.

दुपारी चारला पिंप्राळ्याच्या घरून निघू. तिचे विद्यार्थी असाल तर या.

वहिनी, सांभाळून जा.

जय भीम.