पूल काय म्हणतो?

वैनगंगेच्या अल्याड-पल्याड जेवढे पूल नि मोऱ्या आहेत, त्या साऱ्यांवर बांधकाम खात्यातल्या आमच्या मिस्त्रींइतका संशय घेणारा आणि तेवढाच जीव लावणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. त्यांच्या खिशात एक वेळ रुमाल नसे, पण सायकलच्या चाकाची तार असायचीच. पुलावरची पाणी निघायची भोकं त्या तारेनं ते अशी साफ करत, जणू लेकराचे कान कोरताहेत. भेगेत पिंपळाचं रोप दिसलं की मुळासकट उपटायचे. पण फेकायचे नाहीत. रस्त्याकडेला लावून वर दटावायचे, "येथं वाढ बाप्पा, तेथं कायले घुसला होता?" आंधळगावच्या रस्त्याला असे अकरा पिंपळ आहेत आणि कोणता कुठल्या पुलाचा, हे त्यांना तोंडपाठ.

मी जतकडचा. सातवीतून शाळा सोडलेली, घर दोन दिवसांच्या वाटेवर आणि नोकरी रोजंदारीची, त्यामुळे मला सगळ्याचीच धास्ती. मिस्त्रींनी मला दोनच गोष्टी शिकवल्या: हातोडीनं पूल ठोकून ऐकणं, आणि ऐकलेलं वहीत लिहिणं. ठणठणीत वाजला तर बरा. भद्द वाजला तर आतून पोकळ.

एकदा ऐन धानाच्या हंगामात त्यांचा गुडघा धरला. नाल्यात मी एकटाच उतरलो. हातोडी मारली आणि पूल भद्द वाजला.

वरून हाक आली, "काय म्हणून राहिला गा पूल?"

"मिस्त्री, तुम्हीच या की एकदा!"

"मी काहून येऊ? तुह्या कानानं आयकलं, तुह्याच हातानं लिह."

चुकलो तर साहेब उद्यापासून येऊ नको म्हणतील; गप्प बसलो तर कुणाचा तरी ट्रॅक्टर खाली जाईल. मी वहीत लिहिलं, 'पूल पोकळ. जड गाड्या बंद कराव्या.' मिस्त्रींनी वाचलं, साहेबांना फोन लावला, शेजारच्या घरून खाट मागून आणली आणि पुलाच्या तोंडाशी आडवी टाकून तिच्यावर डबा उघडला.

तेवढ्यात धानानं भरलेला ट्रॅक्टर आला. "मिस्त्रीबुवा, मिलवर जाऊन राहिलो. एवढा फेरा कोण खाईल?"

"तूच खाय. नाल्यात गोते खाण्यापरीस बरा."

"या बाहेरच्या भाऊच्या कानावर पूल बंद?"

मिस्त्रींनी घास न थांबवता हातोडी पुढे केली. "जा खाली. तूच विचार."

तो तणतणत उतरला. एक घाव बसला आणि त्याच्या पायाशी थाळीएवढा काँक्रीटचा खपला पडला. आत गंजलेली सळई उघडी. केसांत सिमेंटची भुकटी घेऊन तो वर आला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ट्रॅक्टर मागे घेतला. पुलाचं काम पुढे रीतसर झालं. मीही टिकलो.

मिस्त्री आता निवृत्त होऊन एकोडीला असतात. पूल पाहायला गेलो की मी त्यांना फोन लावतो नि तो पुलाजवळ धरतो. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. परवा मी हातोडी उचललीही नव्हती, तोच पलीकडून ठाम आवाज आला, "आयकलं मी."

मग हळूच म्हणाले, "आता तू आयक. अन् लिह."