मोकळा हात

तारा पिळताना आतून काडकन आवाज आला आणि गिटारची पुढची फळी खचली. आतली आधाराची पट्टी सुटली होती. निवृत्तीनंतर यांनी मागच्या पडवीत बसून वर्षभर ती गिटार घडवली होती. यांनी तारा सैल करून गिटार मांडीवर घेतली.

"आत हात घालून चिकटवा की," मी म्हटलं.

यांचा पंजा फावड्याएवढा, गिटारच्या भोकातून जाईना. माझा गेला असता, पण बांगड्या अडत होत्या. मी साबण आणला.

"काढू नकोस गं. राहू दे ती गिटार."

"तुम्हाला काही होत नाही. बांगड्यांवर जगता का? माझ्या भाकरीवर जगता."

तरी यांना मोकळा हात बघवेना. कासार जुन्या बांगड्या उतरवल्यावर दोरा बांधतो, तशी यांनी गिटारचीच एक बारीक तार काढून माझ्या मनगटाला बांधली. मग मी आत हात घातला आणि सरस लावलेली पट्टी दाबून धरली.

बांगड्यांखालचं मनगट गोरं निघालं. लग्नापासून ते कासाराशिवाय कुणी नीट पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. हे गिटारकडे बघतच नव्हते, त्या मनगटाकडे बघत होते. बांगडीत बाईला अडकवतात असं लोक म्हणतात. एवढ्याशा काचेत पुरुषाचा जीवही किती अडकलेला असतो, ते मला तेव्हा दिसलं.

सरस वाळला. गिटार वाजते. हेही आहेत, पडवीत बसून बेसूर वाजवताहेत.