दिवेलागणीची गुलबक्षी

बदनापूरला घर बांधलं तेव्हा अंगणात काय लावायचं ते मीच ठरवणार, असं मी घरात बजावून सांगितलं होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, म्हणून भांडी धुतलेल्या पाण्यावर जगेल असंच झाड हवं होतं. जास्वंद लावली, तगर लावली. दोन्ही जगल्या, पण फुलं काही मला लाभली नाहीत. शेजारच्या काकू आंघोळ झाली की पिशवी घेऊन यायच्या आणि कुंपणावरून हात घालून देवासाठी सगळी खुडून न्यायच्या. देवाचं नाव घेतल्यावर भांडणार कसं? मी आतल्या आत धुमसायची.

मग बहिणीकडून गुलबक्षीच्या काळ्या बिया आणून लावल्या. उन्हाळ्यात ती पार वाळून गेली आणि पावसाळ्यात जमिनीतल्या गड्ड्यातून परत उगवली. तिची फुलं दिवेलागणीला उमलतात. सकाळी पूजेच्या वेळेपर्यंत मिटूनही जातात.

एका संध्याकाळी मी पायरीवर बसले होते. अंधार हळूहळू अंगणात उतरत होता, त्यात एकेक गुलाबी फूल उलगडत होतं आणि वास झुळकेसरशी येत-जात होता. कुंपणापाशी काकू दिसल्या.

"न्या की, भरपूर आहेत," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

"आता कसं तोडू? दिवे लागल्यावर झाडं झोपतेत. झोपलेल्या झाडाला हात लावू न्हाई."

दोन्ही हात पाठीमागे धरून त्या वाकल्या आणि कितीतरी वेळ नुसता वास घेत राहिल्या.

मी पायरीवर सरकून त्यांना जागा केली.