मावशींचा पासपोर्ट आणि अमेरिकेचा नकाशा

आखातात, रुवीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये डिसेंबरातल्या दुपारी ऊन असं पसरायचं की बोलायचाही कंटाळा यावा. खिडकीबाहेर बोडके तपकिरी डोंगर, शेजारच्या घरातून येणारा लोबानाचा वास, एसी बंद. आजही डोळे मिटले की त्यातली एक दुपार दिसते, आणि माझी मलाच लाज वाटते.

मुलगी तेव्हा बारावीत होती. इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी तिने फरशीवर अमेरिकेचा भला मोठा नकाशा पसरला होता. यादवी युद्धाआधी गुलामगिरीने तिथलं अध्यक्षपदाचं राजकारण कसं दुभंगलं, हा विषय. मी लोळत ऐकत होते, आणि कपड्यांच्या घड्या घालत मावशीही ऐकत होत्या.

मावशी रत्नागिरीकडच्या, आमच्याकडे राहून काम करायच्या. त्यांच्या मुलीला जानेवारीत पहिलं बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि तिचं माहेर म्हणजे एकटी आई. ती आई इथे माझ्या पोळ्या लाटत होती. दिवाळीपासून विचारत होत्या, "बाय, जाऊन येऊ काय?" मी म्हणायचे, "बघू हं, हिची प्रिलिम होऊ दे." नाही म्हणायचा धीर नव्हता आणि हो म्हणायची इच्छा नव्हती. घर सांभाळून शाळेत शिकवायला जाणं मला एकटीला झेपलं नसतं.

त्यांचा पासपोर्ट माझ्या कपाटात, साड्यांखाली. का, तर कामवालीचा पासपोर्ट सगळेच ठेवून घ्यायचे. आल्या दिवशी त्यांनी दिला, मी ठेवला, झालं. गंमत बघा, नवऱ्याचा पासपोर्ट गाला भागातल्या वर्कशॉपच्या अर्बाबाच्या, म्हणजे मालकाच्या, तिजोरीत असायचा, आणि त्यावरून मी दर शुक्रवारी जेवताना तोंड सोडायचे. "आपण काय दावणीला बांधलेली गुरं आहोत का?" तेव्हा वाढायला मावशीच असायच्या.

"आई, बघ," मुलगी आपल्या अडखळत्या मराठीत सांगत होती, "दोन मोठ्या पार्ट्या होत्या. त्यांना नॉर्थची पण मतं पाहिजे, साऊथची पण. म्हणून प्रत्येक इलेक्शनला गुलामांचा प्रश्न नेक्स्ट टाइम." नवं राज्य जोडलं की भांडण, तिथे गुलाम ठेवू द्यायचे की नाही? मग नकाशावर एक रेघ ओढायची, तडजोड करायची, वेळ मारून न्यायची. शेवटी एक पक्ष मोडला. दुसरा अठराशे साठच्या निवडणुकीत मधोमध फाटला, उत्तरेचा उमेदवार वेगळा, दक्षिणेचा वेगळा. गुलामगिरी आणखी पसरू देणार नाही म्हणणारा नवा पक्ष जिंकला, पण दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत त्याच्या उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवरच नव्हतं.

उमेदवार चार, म्हणून नकाशात रंगही चार.

"पिवळा कोणाचा?" मी अर्धवट झोपेत विचारलं.

"ते म्हणाले, गुलामांबद्दल काही बोलायचंच नाही. जस्ट सगळे टुगेदर राहू या."

"शहाणी माणसं," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटलं.

मावशींचा हात थांबला. "आणि त्या गुलामांनी कुणाला मत दिलं?"

"त्यांना व्होट नव्हतं, मावशी. त्यांना कोणी विचारलंच नाही."

"हां," मावशी म्हणाल्या आणि उशीचा अभ्रा उचलला. टोमणे मारणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. सहज विचारलं होतं, म्हणूनच मला ते लागलं.

त्याच क्षणी उठून मी कपाट उघडलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी कूस बदलली. ऊन पायांवरून हळूहळू गुडघ्यापर्यंत आलं आणि मला छान झोप लागली.

प्रिलिम संपली त्या दिवशी पासपोर्ट काढून दिला. मावशींनी तो उघडून आपला फोटो बघितला, जरा हसल्या, आणि दुपारभर तो कमरेला खोचूनच वावरल्या. दोन दिवसांनी त्या विमानात बसल्या.

मुलीच्या नकाशाला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं. त्याच आठवड्यात मावशींचा फोन आला. नात झाली होती, दिवस भरायच्या आधीच. आईच्या जिवाला घोर नको म्हणून लेकीने इथे कळवलंच नव्हतं. त्या पोचल्या तेव्हा बारसंही उरकलं होतं. सगळं लेकीच्या सासूने केलं, चांगलं केलं, म्हणाल्या. "पोर वाट बघत होती हो. दार वाजलं की म्हणायची, आई आली." त्यांनी एका शब्दाने दोष दिला असता तर बरं झालं असतं, मला रडता तरी आलं असतं.

फोन ठेवता ठेवता मावशींनी विचारलं, "बाय, हिची परीक्षा बरी गेली ना?"